पहिला गिअर डावीकडे, खाली

आज कुठे पोचायचं नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, खुर्चीला पाठ टेकवा, तळपाय जमिनीवर सपाट असू द्या. उजवा हात मांडीशेजारी थोडा पुढे येऊ द्या, गिअरच्या दांड्यावर ठेवावा तसा. उजवा अशासाठी, की आज ज्या दोन गाड्यांत बसायचं आहे त्या जर्मनीतल्या आहेत आणि तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं.

क्लच दाबा आणि मनातल्या मनात पहिला गिअर टाका. सावकाश.

बहुतेकांचा हात डावीकडे सरकून वर गेला असेल. या दोन्ही गाड्यांत तिथे रिव्हर्स आहे. पहिला त्याच्या बरोबर खाली: दांडा आधी स्वतःकडे ओढायचा, मग मागे घ्यायचा. मधल्या रांगेत वर दुसरा, खाली तिसरा. पलीकडे वर चौथा, खाली पाचवा. शर्यतीत पहिला गिअर सुरुवातीला एकदाच लागतो, नंतर दुसऱ्या-तिसऱ्यातली ये-जा सारखी चालते, म्हणून त्या दोघांना एका सरळ रेषेत आणलेलं आहे.

मी गाडी शिकलो ती प्रीमियर पद्मिनीवर, स्टिअरिंगखालच्या हँडल गिअरवर. पुढे जमिनीवरच्या गिअरची गाडी आली तेव्हा महिनाभर माझा हात स्टिअरिंगखाली काहीतरी शोधत राहायचा. डोक्याला कळलेलं असतं, हाताला कळायला दिवस लागतात. तेव्हा दोन-तीनदा करून बघा. डावीकडे, खाली. न्यूट्रल. डावीकडे, खाली. हाताला वळण लागू द्या, मग गाड्यांकडे बघू.

पहिली गाडी स्टुटगार्टची, मर्सिडीज-बेंझ १९० ई २.३-१६. सप्टेंबर १९८३ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. दुसरी म्युनिकची, बीएमडब्ल्यू एम-३. तीही फ्रँकफर्टलाच दिसली, दोन वर्षांनी, १९८५ मध्ये. जुन्या दमदार सेडानच्या जोड्या पुष्कळ लावता येतात. मी मात्र फिरून फिरून या जोडीपाशी येतो, कारण वरवर पाहता दोघींत फरक करायला जागाच ठेवलेली नाही. इंजिन दोघींचं चार सिलिंडरचं, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, एकूण सोळा. टर्बो कुणालाच नाही. ओढ दोघींना मागच्या चाकांची. टायर दोघींचे २०५/५५, पंधरा इंची. गिअरची ती वेगळी रचना दोघींची. मर्सिडीजचं इंजिन २,२९९ सीसी आणि बीएमडब्ल्यूचं २,३०२. फरक तीन सीसीचा. तेवढ्याने चहाचा चमचासुद्धा भरत नाही.

दोघींना बांधणारा नियमही एकच. 'ग्रुप ए' या वर्गातल्या शर्यतींत जी गाडी उतरवायची, तिच्या पाच हजार गाड्या बारा महिन्यांत बांधून झालेल्या असल्या पाहिजेत, असा तो नियम. म्हणजे ट्रॅकवर एक गाडी पळवायची तर आधी पाच हजार घरांच्या दारात तशीच उभी करायची. दूध आणायला, मुलांना शाळेत सोडायला, ऑफिसला जायला.

इथे थोडं थांबा. नियम तोच, इंजिनाचं माप तेच, दोन्ही गावांच्या मध्ये मोटारीने अडीचेक तासांचं अंतर. तुलना करताना आपण पहिल्यांदा विचारतो, कुठली जास्त पळते? त्याचं उत्तर एका ओळीचं आहे. मर्सिडीज १८५ अश्वशक्ती आणि ताशी २३० किलोमीटर, एम-३ २०० अश्वशक्ती आणि ताशी २३५, शंभरचा वेग गाठायला एकीला साडेसात सेकंद, दुसरीला ६.७. वाचलं, बाजूला ठेवलं. मला मनात धरून बसावासा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. नियमाने दोघींकडे सारखंच मागितलं, तेव्हा कुणी काय सोडलं, आणि काय सोडायला ठाम नकार दिला?

हा प्रश्न मनात ठेवा. उत्तर लगेच शोधू नका.

श्रवण, मनन, निदिध्यासन असा क्रम आपल्याकडे सांगितलेला आहे. आधी ऐकायचं. आमच्या पद्मिनीचे मिस्त्री एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. गॅरेजमधली पोरंसुद्धा तेवढा वेळ पाना खाली ठेवायची. मग ते सांगायचे, दुसऱ्याचं टॅपेट ढिलं आहे. हेड उघडलं की तेच निघायचं. तसे डोळे मिटा आणि मर्सिडीजच्या इंजिनाला कान लावा.

खालचा ब्लॉक घरचाच आहे, साध्या १९० ई २.३ मध्ये १३६ अश्वशक्ती देणारा. वरचं सोळा व्हॉल्व्हचं हेड मात्र इंग्लंडमधून आलं, नॉर्दॅम्प्टनच्या कॉसवर्थ या शर्यतींच्या इंजिनांसाठी नावाजलेल्या कंपनीकडून. जिला आपल्या इंजिनियरिंगचा केवढा तरी अभिमान, तिने इंजिनाचा सर्वांत नाजूक भाग दुसऱ्याच्या हाती दिला. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याला जे अजून नीट येत नाही ते ज्याला येतं त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि ते लपवायचं नाही. स्टुटगार्टने जे सोडलं त्यातली पहिली गोष्ट ही, एकट्याने सगळं करण्याचा मान.

आता कान एम-३ कडे न्या. आवाज जास्त कोरडा आहे, थोडा खरखरीत. त्यामागची हकिकत अशी. बीएमडब्ल्यूचे प्रमुख एबरहार्ट फॉन क्यूनहाइम एकदा म्युनिकमधल्या कंपनीच्या मोटरस्पोर्ट विभागात आले होते. निघता निघता त्यांनी पाउल रोशे यांना सांगितलं, की थ्री-सिरीजसाठी एखादं जोरकस इंजिन हवं. रोशे हे कंपनीतले इंजिनांचे जाणकार. याच कंपनीच्या जुन्या चार सिलिंडरी ब्लॉकवर त्यांनी फॉर्म्युला वनचं टर्बो इंजिन उभं केलं होतं, आणि त्यावर १९८३ मध्ये नेल्सन पिके जगज्जेता झाला होता. रोशे यांच्यापुढे तो ब्लॉक होता आणि एम-१ या स्पोर्ट्स कारचं सहा सिलिंडरचं, चोवीस व्हॉल्व्हचं हेड होतं. दोन्हींत सिलिंडरांमधलं अंतर एकच. त्यांनी सहाच्या हेडमधून दोन सिलिंडरांचा भाग करवतीने कापून टाकला, उघड्या पडलेल्या टोकाला पट्टी बसवून ते बंद केलं आणि चारच्या ब्लॉकवर चढवलं. पहिलं इंजिन दोन आठवड्यांत तयार झालं. थोरल्याची पँट कापून धाकट्याला बेतावी, तसं.

हिशेबही जुळतो. ते सहा सिलिंडरचं इंजिन ३,४५३ सीसीचं. त्याचे दोन तृतीयांश करा, बरोबर २,३०२ येतात.

एवढ्या मोठ्या चार सिलिंडरच्या इंजिनाला मुळातच एक थरथर असते. ओळीतल्या सहा सिलिंडरांत ती एकमेकांत विरून जाते, चारांत विरत नाही. आणि मुलायम सहा सिलिंडर ही तर बीएमडब्ल्यूची ओळख. ती बाजूला ठेवून रोशे चारकडे गेले, कारण चारचा क्रँकशाफ्ट आखूड असतो, आखूड म्हणून ताठ, आणि ताठ म्हणून जास्त फेरे सोसणारा. शिवाय इंजिन हलकं. एम-३ मधली ती खरखर म्हणजे म्युनिकने जाणूनबुजून सोडलेला मुलायमपणा आहे. ती ऐका. ती दोष म्हणून ऐकू नका.

पुरेसं ऐकून झालं की आत या. मर्सिडीजच्या मधल्या भागात, खाली, तीन छोटी घड्याळं ओळीने बसवलेली आहेत. एक ऑइलचं तापमान दाखवतं, एक बॅटरीचा व्होल्टेज, आणि तिसरं चक्क स्टॉपवॉच. कुटुंबाच्या चार दारांच्या गाडीत स्टॉपवॉच. माझी नजर दर वेळी तिथेच अडकते. पण आज त्याच्या शेजारच्या सुईकडे बघा, ऑइलच्या.

हीच सुई एम-३ मध्येही आहे. साध्या थ्री-सिरीजमध्ये त्या जागी पेट्रोल किती जळतंय ते दाखवणारा काटा असतो. एम-३ मध्ये तो काढून तिथे ऑइलचं तापमान आणलं. दोन वेगळ्या गावांत, दोन वेगळ्या टेबलांवर एकच गोष्ट ठरली, की या गाडीच्या चालकाला हे दिसलंच पाहिजे.

का, यावर बसा थोडा वेळ. इंजिनातलं पाणी काही मिनिटांत तापतं आणि नेहमीच्या गाडीतला काटा सांगतो, की झालं, निघा. ऑइल त्याच्या मागून येतं, बरंच सावकाश. गार ऑइल दाट असतं. त्याची पातळ, सारखी फिल्म क्रँकच्या बेअरिंगांत आणि कॅमशाफ्टवर बसायला ते तापलेलं असावं लागतं. त्याआधी जो साडेसहा-सात हजार फेऱ्यांपर्यंत इंजिन ओढतो, तो धातूवर धातू घासतो. म्हणून या दोन्ही वेगवान गाड्या चालकाकडून पहिल्यांदा काय मागतात, तर वाट बघणं. दहा मिनिटं, थंडीत त्याहून जास्त. दोनशे अश्वशक्ती पायाखाली असताना पाय हलका ठेवायचा, दुसऱ्या-तिसऱ्यात निवांत गावाबाहेर पडायचं आणि सुईकडे बघत राहायचं.

माझ्या ओळखीतले ज्यांनी जुनी गाडी जिव्हाळ्याने ठेवली, ते सगळे हे पाळतात. त्यांच्या निघण्यातच ते दिसतं. गाडी सुरू करून कुणी लगेच रेझ करत नाही. ही दहा मिनिटं मला गाडी चालवण्यातली सगळ्यात सुंदर वाटतात. खिडकीची काच थोडी खाली, हवेचा आवाज, आणि सुई एका रेघेवरून पुढच्या रेघेकडे निघालेली.

आता मर्सिडीजच्याच सीटवर बसून एक रात्र डोळ्यांसमोर आणा. ऑगस्ट १९८३, इटलीच्या टाचेत नार्दो नावाचं गाव, आणि तिथला साडेबारा किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा अगदी गोल ट्रॅक. ही गाडी जगाला दाखवण्याआधी कंपनीने थोडे बदल केलेल्या तीन गाड्या तिथे नेल्या आणि पळवत ठेवल्या. पेट्रोल, टायर, चालक बदलायला काय थांबतील तेवढ्याच. ५०,००० किलोमीटर पुरे झाले तेव्हा २०१ तास, ३९ मिनिटं, ४३ सेकंद लागले होते. थांबे धरून सरासरी वेग ताशी २४७.९३९ किलोमीटर.

आकडा वाचून पुढे जाऊ नका. पृथ्वीच्या घेराला सव्वा फेरा होईल एवढं ते अंतर. आठ दिवस, आठ रात्री आणि वर साडेनऊ तास. वळण कधी संपतच नाही, कारण ट्रॅक म्हणजे एकच वळण. चार हजारांच्या आसपास फेऱ्या. दिव्यांच्या उजेडात तेवढाच रस्ता पुन्हा पुन्हा समोर येतो आहे, आणि इंजिनाचा सूर हलत नाही. स्टुटगार्टने काय सोडायला नकार दिला, ते मला इथे दिसतं. गाडी वेगवान करायची, पण टिकाऊपणातली एक वीटही काढायची नाही.

पुढच्या वर्षी, १२ मे १९८४ ला, नुर्बुर्गरिंगच्या नव्या ट्रॅकचं उद्घाटन झालं. नावाजलेल्या वीस चालकांना एकसारख्या २.३-१६ दिल्या होत्या. निकी लाउडा दुसरा आला. पहिला आलेला चोवीस वर्षांचा ब्राझीलचा मुलगा तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये नवखा होता, आयर्टन सेना. ही गोष्ट सगळे सांगतात, आणि सांगावी अशीच आहे. पण मला ही गाडी कळते ती नार्दोच्या रात्रीत. तिथे हरवायला समोर कुणीच नव्हतं.

उतरा. एम-३ च्या मागे जाऊन उभे राहा.

चाकांवरची मडगार्ड चौकोनी फुगलेली आहेत, रुंद चाकं पोटात घेण्यासाठी. चाकाकडे वाका आणि बोल्ट मोजा. पाच. साध्या थ्री-सिरीजला चार. मागच्या काचेच्या कडेवरून बोट फिरवा. साध्या गाडीत इथे जाड रबर लागतं. इथे काच थेट बॉडीला चिकटवलेली आहे, त्यामुळे सांगाडा जास्त ताठ होतो. काचेचा उतारही बदलला आहे. छतावरून येणारी हवा मागच्या पंखापर्यंत न तुटता पोचावी म्हणून काच आडवी केली, काचेसाठी मागचा खांब बदलला, आणि त्यासाठी डिकीचं झाकण उंच केलं. एक गोष्ट हलवली म्हणून दुसरी, दुसरी हलवली म्हणून तिसरी. शेवटी बाहेरच्या पत्र्यांपैकी बोनेट, छत आणि दारं एवढंच जुन्या गाडीचं उरलं. गाडी दुरून थ्री-सिरीज दिसते. हात लावला की कळतं, ही तिची थोरली-धाकटी कुणी नाही, वेगळीच आहे.

म्युनिकने सोडलं ते एवढं. जे सोडलं नाही ते आत आहे. गाडीचं वजन बाराशे किलोच्या आसपास ठेवलं. डॅशबोर्डचा मधला भाग चालकाकडे किंचित वळलेला, तो तसाच राहू दिला. मागच्या चाकांना धरणारी जुनी, साधी तिरक्या हातांची रचना ठेवली. मर्सिडीज १९० मात्र १९८२ मध्येच दर चाकाला पाच दांड्यांची नवी रचना घेऊन आली होती. ती रस्ता जास्त निगुतीने धरते. एम-३ रस्ता चालकाच्या कमरेपर्यंत पोचवते. हे वाक्य मी सहज लिहिलं नाही. मागचं टोक सुटायच्या बेतात आहे हे हातांआधी सीटमध्ये कळणं, याचा ध्यास म्युनिकने सोडला नाही.

मनन करताना मला एक गोष्ट नेहमी थांबवते. मर्सिडीजची ही गाडी मुळात रॅलीसाठी मनात आली होती. पण चारही चाकांना ताकद देणारी आउडी क्वात्रो रॅलीत उतरली, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे तिथले दिवस भरले असं सगळे धरून चालले. तेव्हा ती ट्रॅककडे वळली. एम-३ जन्मली ट्रॅकसाठी, आणि १९८७ च्या कॉर्सिकाच्या रॅलीत बर्नार बेगँने तीच जिंकून दाखवली. डांबरी, वळणांवळणांची रॅली होती ती. गाड्यांनाही ठरवलेल्या वाटेवरच राहायचं बंधन नसतं.

पुन्हा मर्सिडीजपाशी या. या वेळी मागचं दार उघडा.

मागे दोन स्वतंत्र, खोलगट सीटा आहेत, पुढच्यांसारख्याच. बसा. मागे बसणाऱ्याला स्वतःचं दार आहे. एम-३ ला दारं दोनच, तिथे मागे जायला पुढची सीट दुमडून वाकून शिरावं लागतं. आणि या गाडीच्या मागच्या चाकांवर तेल आणि वायूच्या दाबावर चालणारी एक व्यवस्था आहे. मागे दोन माणसं बसली, डिकीत बॅगा आल्या, तरी मागची उंची ती आपोआप राखते. गाडी बसत नाही. शर्यतीचा नियम यातलं काहीही मागत नव्हता.

पूर्वी कुणी विचारलं, की यातली कुठली, तर मी पटकन एम-३ म्हणायचो. आज मर्सिडीज म्हणतो, आणि कारण हे मागचं दार आहे. माझे वडील शेवटच्या वर्षांत गुडघ्यांमुळे पुढे बसायचे नाहीत. पद्मिनीचं मागचं दार उघडून आधी पाठमोरे बसायचे, मग हातांनी एकेक पाय उचलून आत घ्यायचे. घाटात मी गाडी जरा ओढली की आरशात त्यांचे डोळे हसायचे. वेग त्यांनाही आवडायचा. वेग हवा तर म्हातारी माणसं घरी ठेवा, असं जिने म्हटलं नाही, त्या गाडीवर माझा जीव आहे. एम-३ चं मोठेपण त्याने तसूभर कमी होत नाही. एकटा रस्ता आणि एकटा चालक यांच्यासाठी तिच्याइतकं मन लावून फार थोडं काही बनलं असेल.

आता शेवटचं. स्टुटगार्ट आणि म्युनिक ए-८ या ऑटोबानने जोडलेली आहेत. स्टुटगार्टहून निघालं की रस्ता श्वाबियन आल्बच्या डोंगरावर चढतो, उल्म मागे पडतं, डॅन्यूब ओलांडायची, मग आउग्सबुर्ग. वाटेतल्या एखाद्या थांब्यावर या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत अशी कल्पना करा. पहाट आहे. काचांवर दव आहे. एक आलेली आहे एका गावाहून, दुसरी दुसऱ्याहून. रात्रभर उभ्या होत्या, त्यामुळे इंजिनं गार.

हवी ती किल्ली उचला. बसा, पट्टा लावा, सुरू करा. दोन्हींपैकी कुठल्याही गाडीत असाल तरी ऑइलची सुई तळाशीच आहे. बाजूच्या रस्त्यावरून एक लांब ट्रक चालला आहे, त्याच्यामागे दुसरा. जाऊ द्या त्यांना. क्लच दाबा. हात आता वर जात नाही. डावीकडे येतो, खाली येतो, आणि गिअर पडल्याचा तो जड, नेमका खटका तळव्यात जाणवतो.